सेंटर चॅनलचा दोष

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी ७.१०

माझ्या हातांनी तयार केलेल्या वस्तू, क्रमाने. दोन ट्रान्झिस्टरचा रेडिओ (वय चौदा, फक्त छतावर लागायचा). स्टॅबिलायझर पाच, त्यातला शेजारच्या मनकर्णाबाईंचा अजून चालू. ४४४० आयसीचे ॲम्प्लिफायर अठरा. दहा इंची सबवूफर, पेटी म्हणून ज्वारीची पत्र्याची कोठी (थरथरायची. कोठी ज्वारीला परत दिली). विहारातली साउंड सिस्टीम, वायरिंगसकट. आणि २००९ साली, चौदा महिने खपून, एकोणिसावा, सहा चॅनलचा ॲम्प्लिफायर. चेसिस ॲल्युमिनियमची, कडा कानशीने घासलेल्या, एकही स्क्रू तिरपा नाही.

कोर्स कुठलाच नाही. आयटीआयला नंबर लागला नाही, ते त्यांचं नुकसान.

ही वही कोणी वाचायची नाही. पण नोंद अशी असावी की दहा वर्षांनी उघडली तरी सगळं कळावं. म्हणून दोष नीट लिहितो.

दिवाळीपासून पिक्चरमधली मारामारी, ट्रक, ढोल व्यवस्थित येतात. संवाद गुळमुळीत. बायकांचे तर जास्तच. हिरोईन तोंडात पेढा धरून बोलल्यासारखी. संवाद सेंटर चॅनलमधून येतात. त्याचे सगळे कपॅसिटर बदलले. फरक नाही. मग प्रीॲम्प बदलला, मग स्पीकर. फरक नाही. तीन गोष्टी बदलूनही दोष जात नाही, म्हणजे दोष माझ्या कामात नाही. पिक्चर आता नव्या पद्धतीने रेकॉर्ड होतात, माझा ॲम्प्लिफायर जुन्या पद्धतीचा, एवढंच.

निर्णय : आयुष्यात पहिल्यांदा विकतची पेटी. होम थिएटरचा रिसिव्हर, म्हणजे तयार ॲम्प्लिफायर. बजेट पंचवीस हजार, ओव्हरटाइमचे. वर एक रुपया नाही. मुदत एक महिना.

५ फेब्रुवारी, बुधवार

अटी काढल्या. पॉवर आरएमएसमध्ये, म्हणजे खरी, लिहिलेली हवी. पीएमपीओ लिहिणाऱ्या कंपनीच्या दारात उभा राहणार नाही. तो आकडा म्हणजे स्थळाच्या बायोडाटातला पगार. एचडीएमआय कमीत कमी तीन. संवाद वेगळे वाढवायची सोय. वजन नऊ किलोच्या वर, कारण हलक्या पेटीत ट्रान्सफॉर्मर नसतो, आश्वासनं असतात.

मनकर्णाबाई आज रूपाला (माझी पत्नी) म्हणाल्या, "पिक्चर तुमच्या घरी लागतंय अन् डोकं माझं धरतंय. साहेबरावांना म्हणावं, लई झालं आता." रूपाने ते मला सांगितलं, वर स्वतःचं जोडलं, की मी टीव्ही वीसवर ठेवते, तुम्ही येऊन अडतीसवर नेता. मी तिला मोठा आवाज आणि भरीव आवाज यातला फरक समजावून सांगितला. तिने काहीतरी उत्तर दिलं, गॅसकडे तोंड करून.

हल्ली या घरात सगळे पाठ फिरवून बोलतात. वाईट सवय.

९ फेब्रुवारी, रविवार

जालना रोडवरचं शोरूम. सोबत करुणा. (माझी मुलगी. पंचवीस पूर्ण. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, दुसऱ्याचं रक्त तपासते.)

मी माझा पेन ड्राइव्ह नेला होता. त्यात पैंजणांचं रेकॉर्डिंग आहे, मीच केलेलं. बारीक आवाज स्पीकरच्या ट्विटरमधून येतो, आणि ट्विटरची परीक्षा पैंजणावरच होते. पहिल्या रिसिव्हरवर पैंजण आलं नाही. दुसऱ्यावर नाही. पाच रिसिव्हर, पाच जोड स्पीकर. पाचही ठिकाणी बाई अनवाणी.

सेल्समन टायवाला, तिशीचा. म्हणाला, "सर, एकदम क्लिअर येतंय ना." मी म्हणालो, मला शिकवू नका, मी एकोणीस ॲम्प्लिफायर केलेत. तो करुणाकडे बघायला लागला. करुणा माझ्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "पप्पा, पाचही खराब?"

मी म्हणालो, सगळ्या कंपन्यांनी एकदमच दर्जा सोडला आहे. लोकांना कान राहिले नाहीत, त्याचा फायदा घेतात.

ती म्हणाली, "मला ऐकू आलं पैंजण." मी म्हणालो, रेकॉर्डिंग तुझ्या ओळखीचं आहे, म्हणून तुला आल्यासारखं वाटलं. मनाचा खेळ असतो तो. माझ्याही ओळखीचं आहे हे मागाहून लक्षात आलं. पण मुद्दा बरोबरच आहे.

तसंही सगळ्यात स्वस्त एकतीस हजार. निष्कर्ष : नवा नको. सेकंडहँड, जुन्या काळचा, दर्जेदार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीत वार्षिक मेडिकल.

शेंद्र्याच्या कारखान्यात मी वीस वर्षं पॉवर प्रेसवर आहे, गाड्यांचे पत्र्याचे भाग. कानात घालायला नारिंगी गोळ्या देतात. मी घालत नाही. डाय (साचा) घासायला लागली की प्रेसचा आवाज आधी बदलतो. इंजिनिअर लोक त्यासाठी मला बोलावून न्यायचे. आता सेन्सर लावलेत, म्हणून बोलावणं कमी झालं. एवढंच कारण.

कानाच्या तपासणीला काचेच्या खोक्यात बसवतात. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. शिट्ट्या फार हलक्या ठेवल्या होत्या, हेडफोन स्वस्तातला असावा. पण काचेतून टेक्निशियन बाईंचा खांदा दिसत होता. शिट्टी वाजवताना उजवा खांदा किंचित खाली जातो. सगळी सिस्टीम दोन मिनिटांत ओळखली. कुठलंही यंत्र समजून घेतलं की सोपं असतं.

शेजारच्या प्रेसवरचा कडूबा बसमध्ये म्हणाला, "साहेबराव, मी इचारलं किती वाजले, अन् तुम्ही म्हणता व्हय." मी म्हणालो, बसच्या आवाजात नीट बोलत जा. तो म्हणाला, "बस सुटायचीय अजून."

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.३०

सापडला. आनंद एवढा आहे की अक्षर बिघडतंय.

छावणीतले सुभेदार इंद्रजीत रिटायर होऊन गावी चालले आहेत, सामान विकताहेत. जपानी रिसिव्हर, नऊ चॅनल, साडेतेरा किलो, खोकं आणि रिमोटसकट. मी झाकण उघडून पाहिलं. आत धूळ नाही. ट्रान्सफॉर्मर छोट्या टरबुजाएवढा.

व्हरांड्यात कूलर चालू होता. सुभेदारांच्या मिशा ओठांवर येतात, त्यामुळे माणूस स्पष्ट बोलत नाही. पण किंमत मी दोनदा विचारली आणि दोन्ही वेळा त्यांनी ठासून सांगितली. आठ हजार, उससे कम नहीं.

आठ हजार. नवा घेतला तर सव्वा लाखाच्या खाली मिळणार नाही.

माझ्या चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. घासाघीस केली नाही. ते खूश झाले, म्हणाले, "आप असली कदरदान हो, बाकी लोग तो सब्जी का भाव करने आते हैं." एक हजार ॲडव्हान्स दिले, हातात हात दिला. पुढच्या रविवारी उचलायचा.

येताना मात्र मन खात होतं. माणसाने सीमेवर आयुष्य घालवलं, त्याला मालाची किंमत माहीत नाही, आणि आपण फायदा घ्यायचा? ठरवलं की उचलताना पाचशे जास्त द्यायचे. स्वखुशीने. कारण सांगायचं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उरलेल्या साडेसोळा हजारांचं नियोजन. नवा सेंटर स्पीकर. रूपाला मिक्सर. मनकर्णाबाईंच्या भिंतीला थर्माकोल.

विहाराच्या ग्रुपवर टाकलं की रविवारी संध्याकाळी डेमो आहे, सर्वांनी यावं, जय भीम. सव्वीस अंगठे आले.

रूपाने विचारलं, "आठच? नक्की?" मी विचारलं, तुला काय म्हणायचंय. ती म्हणाली, "काही नाही." हे शब्द मला स्पष्ट ऐकू आले, कारण ती समोर बसली होती. म्हणजे कान उत्तम आहेत. लिहून ठेवतो.

२३ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी

वस्तुस्थिती जशी घडली तशी.

करुणाला सोबत नेलं, रिक्षा थांबवून ठेवली. सुभेदारांच्या टेबलावर साडेसात हजार ठेवले. त्यांनी मोजले. मग टेबलाकडे बघत राहिले, जसे काही आणखी यायचे आहेत. मी म्हटलं, पाचशे आपल्यासाठी, माझ्याकडून. ते काहीतरी बोलले. मी हसलो. ते पुन्हा बोलले. मी पुन्हा हसलो.

करुणा माझ्या कानाशी काही पुटपुटली. मी म्हणालो, मोठ्याने बोल, इथं लपवण्यासारखं काय आहे. तेव्हा ती मोठ्याने बोलली. रिक्षावाल्याने वळून पाहिलं, एवढ्या मोठ्याने.

"पप्पा, साठ. साठ म्हणताहेत ते."

सुभेदारांनी कागदावर आकडा लिहिला. सहावर चार शून्यं.

त्यांनी ॲडव्हान्स परत दिला. कुठलाही त्रागा नाही. चहा आणला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक शब्द सुटा सुटा बोलले, जसं लहान मुलाशी बोलतात. "मेरी रेजिमेंट में भी थे. तोपखाने वाले." मी म्हणालो, मी प्रेस शॉपचा. ते म्हणाले, "एक ही बात है."

काय एक ही बात, ते कळलं नाही.

विश्लेषण : उत्तरेकडच्या लोकांचा स फार हलका असतो. त्यात मिशा, त्यात कूलर. कोणीही फसला असता. दोष माझा धरता येत नाही.

रिक्षात करुणा माझ्या डाव्या बाजूला बसून बराच वेळ काही सांगत होती. मी बाहेर बघत मान हलवत होतो. डोक्यात साठ होता. शेवटी तिने काहीतरी विचारलं, मी म्हणालो, व्हय, चांगलंय. ती एकदम रडायला लागली आणि माझा हात धरला. घरी आल्यावर रूपाला म्हणाली, "पप्पा हो म्हणाले."

कशाला हो म्हणालो, ते विचारणं बरं दिसलं नाही. दोघी एवढ्या खूश होत्या. मिक्सरबद्दल असावं.

डेमो रद्द केल्याचं ग्रुपवर टाकलं. कारण : तांत्रिक.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावलं. टेक्निशियन बाईंनी तक्रार केली आहे. मशीन बंद करून त्या पेन शोधत होत्या, तेव्हाही मी बटण दाबलं. अकरा वेळा, असं त्यांचं म्हणणं.

पुन्हा तपासणी. या वेळी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. हा विश्वासाचा प्रश्न आहे, असं मी त्यांना बोललो.

डॉक्टरांनी ग्राफ दाखवला आणि समजावायला लागले. मी त्यांना थांबवलं. म्हणालो, डॉक्टरसाहेब, फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा ग्राफ मी तुमच्या जन्माआधीपासून वाचतो. आणि वाचला. हजार हर्ट्झपर्यंत सपाट, मग घसरण, चार हजारला सरळ विहीर. दोन्ही चॅनल सारखेच. स, श, च, फ, सगळे तिथंच राहतात. पैंजण पण.

असा ग्राफ कोणी स्पीकरचा आणून दाखवला असता तर मी एका वाक्यात सांगितलं असतं की ट्विटर जळालेत, बदलून घ्या.

डॉक्टर म्हणाले, "हे दुरुस्त होत नाही, पण मशीन लावून पुष्कळ फरक पडतो. अन् प्रेस शॉपमधून तुम्हाला स्टोअरला हलवावं लागेल."

मी सही केली. बाहेर येऊन बराच वेळ स्कूटर स्टँडपाशी उभा होतो. मी कंपनीच्या बसने येतो, मला स्कूटर नाही.

घरी रिपोर्ट दाखवला नाही. तो ॲम्प्लिफायरच्या चेसिसखाली ठेवला. करुणाने तो सात वाजता काढून वाचला. तिच्या धंद्यात रिपोर्ट वाचायची सवय असते.

२ मार्च, रविवार

मार्ग निघाला. इतके दिवस सुचलं कसं नाही.

कानाचं मशीन म्हणजे काय? माईक, ॲम्प्लिफायर, स्पीकर. एकोणीस केले, हा विसावा.

पैठण गेटजवळून माईकची कॅप्सूल, एक आयसी, नऊ व्होल्टची बॅटरी. जुन्या मोबाइलचा इयरफोन. सर्किट साबणाच्या डबीत बसवलं, डबी शर्टाच्या खिशात. एकूण खर्च तीनशे चाळीस. बाजारात याचेच हजारो घेतात, लोकांच्या अडचणीवर.

चालू केलं. रूपाने पातेलं खाली ठेवलं, ते ऐकू आलं. पातेल्याचा आवाज मला इतका आवडेल असं वाटलं नव्हतं. मी तिला ते पुन्हा ठेवायला सांगितलं. तिने चार वेळा ठेवलं.

सर्किट पूर्ण शांत. शिट्टी नाही, घरघर नाही. नोंद : फीडबॅक शून्य.

रूपाने आणि करुणाने मात्र एकमेकींकडे पाहिलं आणि कानांवर हात ठेवले. कारण विचारलं तर म्हणाल्या, काही नाही.

५ मार्च, बुधवार

डबी लावून कंपनीत जायचा पहिला दिवस.

चिकलठाण्याजवळ ड्रायव्हरने बस बाजूला घेतली. म्हणे कुठून तरी बारीक शिट्टी येतेय, बेल्ट असेल. सगळे उतरले. मीही उतरलो, बॉनेटमध्ये वाकलो, नीट कान देऊन ऐकलं. मी सांगितलं, बेल्ट उत्तम आहे, कुठलाही आवाज नाही, तुम्हा लोकांना भास होतोय.

मी वाकलो की शिट्टी वाढत होती, हे मला नंतर सांगण्यात आलं.

शेवटी कडूबा जवळ आला. माझ्या तोंडासमोर तोंड आणून हळू बोलला. "साहेबराव, शिट्टी तुमच्या खिशातून येतीय."

मी डबी बंद केली. ड्रायव्हरने मान हलवली, म्हणजे थांबली असणार.

बस सुरू झाली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कडूबाने खिडकीची जागा दिली, शेंद्र्यापर्यंत.

जी शिट्टी चाळीस माणसांना ऐकू येते, ती मला येत नाही. आणि ती मी तयार केलेली आहे.

आज एवढंच.

७ मार्च, शुक्रवार

रिक्षात कशाला हो म्हणालो, ते कळलं.

मनकर्णाबाई दारातूनच म्हणाल्या. त्या ओरडूनच बोलतात, म्हणून समजलं. "जावई अजिंठ्याचा का? बरं झालं बाई, लांब नाय."

बाकीचं त्यांच्याकडूनच काढून घेतलं. मुलाचं नाव प्रणय. करुणाच्याच लॅबमध्ये आहे. घर अजिंठ्याला, वडिलांचं झेरॉक्सचं दुकान. रविवारी बापलेक घरी येणार आहेत. हे सगळं माझ्या मुलीने मला रिक्षात, भावसिंगपुऱ्यातल्या घरापर्यंतच्या रस्त्याने सांगितलं होतं. कधी भेटले, किती दिवस झाले, मला सांगायला किती भीती वाटत होती, सगळं. आणि मी एक शब्द ऐकला नाही. ती आयुष्यात एकदाच बोलायची गोष्ट होती. आता पुन्हा सांग कसं म्हणू?

रूपाला म्हणालो, मला ठाऊकच होतं. रूपा म्हणाली, "हो का? मग त्याच्या आईबद्दल काय सांगितलं तिने?" मी म्हणालो, चांगली बाई आहे. रूपा म्हणाली, "ती वारली, तो दहावीत असताना."

ती माझ्या समोर बसली होती.

९ मार्च, रविवार

पाहुणे येऊन गेले. पंखा बंद ठेवला, टीव्ही बंद, खिडकी बंद. सगळे घामाघूम. मी पाहुण्यांच्या तोंडासमोर खुर्ची घेतली, जरा जास्तच जवळ. मुलगा चांगला वाटला. दाढीमिशी नाही, ओठ स्पष्ट.

वडिलांना गुटख्याची सवय आहे, तोंड उघडत नाहीत. त्यांनी मला काहीतरी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, व्हय.

प्रणय पुढे सरकला, माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, "पप्पा विचारत होते, तुमची काही अट आहे का."

व्हय म्हणून बसलो होतो, आता अट सांगणं भाग होतं. म्हणालो, अट एकच. लग्नात डीजे नाही. साउंड मी लावणार, माझ्या ॲम्प्लिफायरवर, आणि बुद्धवंदना शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ गेली पाहिजे. वडिलांनी तोंड मोकळं करून येऊन माझ्याशी हात मिळवला. मे महिन्याचं ठरलं.

पाहुणे गेल्यावर करुणा माझ्या समोर स्टूल घेऊन बसली. गुडघ्याला गुडघा. दिवा तिने स्वतःच्या तोंडावर घेतला. आज तिचे सगळे शब्द मला आले, एकही गळला नाही, म्हणून जसेच्या तसे लिहितो.

"पप्पा, लग्नात भन्तेजींच्या मागोमाग मी शपथ म्हणणार. माझा आवाज बारीक आहे. तुम्ही साउंड लावणार, शेवटच्या खुर्चीला ऐकू येणार, अन् तुम्हाला नाही येणार. मला ते नाही चालणार. रिक्षातलं मी तुम्हाला परत सांगते, कितीदाबी सांगते. पण लग्नातलं परत नाही म्हणता येत."

दोन्ही कानांची मशीनं सेहेचाळीस हजारांना, तिने विचारून ठेवलं आहे. "तुमच्या रिसिव्हरचे पंचवीस," म्हणाली, "आणि वरचे मी घालते. मी अंगठीसाठी बाजूला ठेवलेत, प्रणयला सांगितलंय, त्याला चालतं."

मी म्हणालो, मी पहिल्या रांगेत बसेन. माईक चांगल्यातला लावेन. तुझ्या ओठांकडे बघेन. रिसिव्हरचा विषय अजून संपलेला नाही, मार्चअखेर सेल लागतात. आणि मुलीच्या अंगठीच्या पैशावर बापाने ऐकायचं नसतं.

ती उठून आत गेली. जाताना काहीतरी बोलली, पाठ माझ्याकडे होती.

नोंदीसाठी : करुणाने देऊ केलेले, मी नाकारलेले, रुपये एकवीस हजार.